तत्त्वज्ञ विटगेनस्टाइनने स्वतः कधी न छापलेल्या वह्यांमधून त्याच्या विचारांबद्दल काय कळतं?

बरंच कळतं, पण लोक समजतात तसलं सनसनाटी काही नाही. पहिल्या महायुद्धात तो ऑस्ट्रियाच्या सैन्यात होता, तेव्हाच्या तीन वह्या शिल्लक आहेत. उजव्या पानावर लॉजिक, साध्या जर्मनमध्ये, आणि डाव्या पानावर खासगी, तेही कोडमध्ये. कोड म्हणजे काय तर अक्षरं उलटी, ए च्या जागी झेड, सांगलीत आमच्या वर्गातली पोरं चिठ्ठ्यांत करायची तसलंच! डावीकडं भीती, सोबतच्या सैनिकांचा वैताग, आज काम झालं का नाही, मधेच देवाचा धावा.

खरी मजा १९१६ च्या उन्हाळ्यात आहे, तो फ्रंटवर, रशियाचा मोठा हल्ला चाललेला, आणि उजव्या पानावरच एकदम देव, मरण, जगण्याचा अर्थ सुरू होतं, म्हणजे डावीकडचं उजवीकडं सांडलं असं मला तरी वाटतं. १९२१ ला आलेल्या त्याच्या ‘ट्रॅक्टेटस’ या पुस्तकाचा शेवट लॉजिक सोडून गूढाकडं का वळतो ते इथं दिसतं. (आमच्या आजोबांची हळदीच्या अडतीची कीर्द अशीच, पोत्यांच्या आकड्यांत मधेच 'पाऊस नाही, झोप नाही'.)

१९६१ ला वह्या छापल्या तेव्हा कोडवाला भाग गाळलेला, त्यामुळं जुनी एडिशन घेऊ नका.