डिस्कससाठी टाकी केवढी असावी?

प्रश्न : आमच्याकडे दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी काचेची टाकी आहे. दोन वर्षे तिच्यात गप्पी आणि मॉली चांगले नांदत आहेत. आता डिस्कस मासे पाळण्याची इच्छा आहे. अडीच इंची सहा पिल्ले या टाकीत आरामात राहतील, असे दुकानदार सांगतात. आमचे घर जुने आहे आणि टाकी लाकडी माळ्यावर ठेवलेली आहे. हीच टाकी चालेल, की नवी घ्यावी? घ्यायची झाल्यास केवढी?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : ही टाकी डिस्कससाठी चालणार नाही. दुकानदारांनी आपल्याला आजच्या पिल्लांचा हिशेब सांगितला. आपल्याला मात्र वर्ष-दीड वर्षानंतरच्या माशांचा हिशेब करायचा आहे. पूर्ण वाढलेला डिस्कस 15 ते 18 सेंटीमीटरचा होतो आणि त्याचे अंग ताटलीसारखे गोल असल्यामुळे पर धरून त्याची उंचीही जवळपास तेवढीच भरते. अशा माशाला एक फूट रुंदीत धड वळताही येत नाही.

आता पाण्याचे पाहू. लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजून त्यांच्या गुणाकाराला 1000 ने भागले की लिटर मिळतात. आपली टाकी 60 × 30 × 38, म्हणजे काठोकाठ भरली तरी 68 लिटरची. मोठ्या डिस्कसमागे साधारण 40 लिटर पाणी धरावे, असा पाळणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे आणि माझ्या अनुभवात तो खरा ठरला आहे. सहा माशांना त्यानुसार 240 लिटर लागतील.

मग मासेच कमी घ्यावेत, असा विचार मनात येणे साहजिक आहे. तो मीही केला होता. पहिल्यांदा डिस्कस आणले तेव्हा तीन फुटी टाकीत तीनच ठेवले. दोन महिन्यांत त्यांतल्या थोरल्याने सगळी टाकी आपली केली. सर्वांत धाकटा हीटरच्या मागच्या कोपऱ्यात तिरका उभा राहू लागला. खाणे टाकले की वीतभर पुढे यायचा आणि थोरला नुसता वळला तरी माघारी जायचा. त्याचे अंग काळवंडले, अंगावरचे उभे पट्टे गडद झाले आणि शेवटी त्याने खाणेच सोडले. तो मासा मी वाचवू शकलो नाही. डिस्कस हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, कळपाने राहणारा, सिक्लिड कुळातला मासा आहे. कळपात मानपान ठरलेले असतात, पण पाच-सहा मासे असले की थोरल्याचा रोष एकावरच न राहता सर्वांत वाटला जातो. म्हणून कळप सहाचा असावा, आणि त्यांना एकमेकांपासून दूर होता येईल एवढी लांबीही असावी.

या सगळ्याचा विचार करता आपण चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वरची दोन बोटे मोकळी सोडून तिच्यात सुमारे 280 लिटर पाणी राहते. उंची दीड फूट ठेवल्यास पाणी 210 लिटरच्या आसपास भरते. त्यात पाच मासे ठेवावेत, सहावा नको. दोन फुटांपेक्षा अधिक उंचीचा मोह मात्र टाळावा, कारण तळ पुसायला हात पोचत नाही आणि हवेशी भिडणारा पाण्याचा पृष्ठभागही त्याने वाढत नाही. हा पृष्ठभाग इथे फार महत्त्वाचा आहे, कारण डिस्कसला 28 ते 30 अंशांचे पाणी लागते आणि पाणी जितके उबदार, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. शिवाय उबदार पाण्यात विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून होणारा अमोनिया अधिक घातक ठरतो. लहान टाकीत एखाद्या दिवशी खाणे थोडे जास्त पडले तरी तो चढतो. मोठ्या टाकीत आपल्याला चूक सुधारायला वेळ मिळतो. पावसाळ्यात वीज तासन् तास जाते तेव्हाही हेच अनुभवाला येते. तरीही बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्यावा.

जागेचा प्रश्न मला आकाराइतकाच गंभीर वाटतो. 280 लिटर म्हणजे 280 किलो पाणी, 12 मिलिमीटर काचेचे 75 किलोच्या आसपास, वर स्टँड. हे 400 किलोंपर्यंतचे ओझे जुन्या घराच्या लाकडी माळ्यावर कृपया ठेवू नये. टाकी तळमजल्यावर, पक्क्या जमिनीवर आणि थेट ऊन न येणाऱ्या भिंतीलगत ठेवावी. चवथीला गणपतीची आरास जिथे होते ती जागाही सोडावी, कारण भरलेली टाकी हलवता येत नाही.

टाकीशेजारी 100 लिटरच्या पिंपालाही जागा हवी. दर आठवड्याला किमान एक तृतीयांश पाणी बदलावे लागते आणि नळाचे पाणी क्लोरीन जाण्यासाठी एक दिवस त्यात पंपाने हवा सोडत ठेवावे लागते. सह्याद्रीतून येणाऱ्या नद्यांचे आपले पाणी बहुधा मृदू असते, ही जमेची बाजू आहे. विहिरीचे वापरणार असाल तर आधी त्याचा सामू (pH) तपासावा. जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी पुष्कळदा आम्लधर्मी असते.

जुन्या टाकीत पिल्ले थोडे दिवस वाढवून मग हलवता येतील का, असे आपण विचाराल. रोज निम्मे पाणी बदलणारे लोक असे करतात, हे खरे आहे. ते जमले नाही तर पिल्लू खुंटते : अंग गोल होण्याऐवजी लांबट राहते, डोळे अंगाच्या मानाने मोठे दिसतात, आणि नंतर कितीही मोठी टाकी दिली तरी ती उणीव भरून निघत नाही. जुनी टाकी नव्या माशांना महिनाभर वेगळे ठेवण्यासाठी राखावी.

प्रश्न : आमच्या पाच फुटी टाकीतल्या डिस्कसची जोडी जमली असून ती फिल्टरच्या नळीवर अंडी घालते, पण पिल्ले टिकत नाहीत. जोडीसाठी आणखी मोठी टाकी घ्यावी का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : इथे उलट लहान टाकी हवी. दीड फूट लांबी-रुंदी-उंचीची, सुमारे 90 लिटरची टाकी जोडीला पुरते. तिचा तळ मोकळा ठेवावा, आत स्पंज फिल्टर आणि अंडी घालायला पालथी घातलेली मातीची उंच कुंडी ठेवावी. अंडी दोन-अडीच दिवसांत फुटतात, त्यानंतर आणखी तीनेक दिवसांनी पिल्ले पोहू लागतात आणि आई-बापाच्या अंगावरचा चिकट स्राव हेच त्यांचे पहिले अन्न असते. पाच फुटी टाकीत त्यांना आई-बाप सापडेपर्यंत इतर मासे त्यांना खातात, नाहीतर ती उपाशी मरतात. लहान टाकीत ती थेट अंगाला जाऊन चिकटतात. दोन-तीन आठवड्यांनी, ती आर्टिमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) नीट खाऊ लागली की, त्यांना आई-बापापासून वेगळे करावे.