बडोद्याहून कॅनडाला जाताय, मग म्हातारपणाच्या पैशाचा हिशोब निघायच्या आधीच करा

तू विचारलंयस की कॅनडाचा पीआर (कायम राहण्याचा परवाना) आलाय, वय ३८, बायको आणि सहा वर्षांची मुलगी बरोबर येणार, आईबाबा कारेलीबागेतल्या घरातच राहणार, तर मांजलपूरचा फ्लॅट, पीपीएफ, एफडी, म्युच्युअल फंड सगळं मोडून डॉलर करून न्यायचं का, कारण तिकडे म्हातारपणी सरकार बघतंच. मी मूळची दांडिया बजारची, बरीच वर्षं टोरांटोजवळच्या मिसिसॉगात आहे आणि माहेर अजून तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे ते सरकार बघतं वालं डोक्यातून काढून टाक. बघतं, पण तुझ्यासारख्या उशिरा येणाऱ्याला अर्धंमुर्धंच बघतं. ६५ नंतर मिळणारं ओएएस (सरकारी ओल्ड एज सिक्युरिटी) हे तिकडे किती वर्षं राहिलास त्यावर ठरतं. वयाच्या १८ नंतर ४० वर्षं राहिलेल्याला पूर्ण, तुझी ६५ पर्यंत होणार २७, म्हणजे ४० पैकी २७ भाग. २०२५ मध्ये पूर्ण ओएएस महिन्याला साधारण ७३५ कॅनेडियन डॉलर होतं, त्या हिशोबाने तुझ्या हातात पाचशेच्या आतच. दुसरी सीपीपी, म्हणजे नोकरदारांची सरकारी पेन्शन, ती पगारातून कापतात, ठराविक मर्यादेपर्यंत ५.९५ टक्के तुझे आणि तेवढेच कंपनीचे. २०२५ ला तिचा कमाल आकडा १,४३३ डॉलर होता, पण तो जवळजवळ चाळीस वर्षं भरघोस पगारावर भरणाऱ्याला, नव्याने पेन्शन सुरू होणाऱ्याला सरासरी ८००-८५० च मिळतात. दोन्ही धरून तेराशेच्या आसपास, आणि इथे एका बेडरूमचं भाडंच दोन हजारांच्या आसपास आहे. बाकीचं तुलाच उभं करायचंय, म्हणून बडोद्यात जे जमवलंयस ते घाईत मोडू नकोस.

पीपीएफ अजिबात मोडू नको. एनआरआय झाल्यावर नवीन उघडता येत नाही पण असलेलं १५ वर्षं पुरी होईपर्यंत चालू ठेवता येतं, फक्त पुढे वाढवून मिळत नाही. बँकेला मात्र स्वतःहून सांगायचं की मी बाहेर चाललोय, साधं सेव्हिंग खातं एनआरओ (एनआरआयच्या भारतातल्या पैशाचं खातं) करून घ्यायचं. बँक ऑफ बडोदा सयाजीरावांनी १९०८ साली काढली, आपल्याकडे घरोघरी तिची पासबुकं, आणि बाबांच्या ओळखीच्या मॅनेजरमुळे बरेच जण जुनंच खातं तसंच चालवतात, ते परकीय चलनाच्या फेमा कायद्यात बसत नाही. आणि एनआरईचं, म्हणजे बाहेरून पाठवलेल्या पैशाच्या खात्याचं, व्याज टॅक्स फ्री असं सगळे सांगतील, ते फक्त भारतात, कॅनडा तुझ्या जगभरच्या उत्पन्नावर टॅक्स लावतं, त्यात हे व्याज आलं आणि पीपीएफचंही आलं.

फ्लॅटचं मात्र माझं मत उलटं आहे. आईबाबांचं घर वेगळं आहे, भाडेकरूच्या मागे सत्तरीत बाबांनी फिरावं असं मला वाटत नाही, तेव्हा विकायचाच असेल तर निघायच्या आधी विक. आत्ता तू रेसिडेंट आहेस, व्यवहार ५० लाखांचा किंवा वर असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापतो. एनआरआय झालास की जुन्या फ्लॅटवरही सगळ्या रकमेवर टीडीएस साडेबारा टक्के अधिक सरचार्ज-सेस, आधी इन्कम टॅक्सकडून कमी कापायचं सर्टिफिकेट आणलं नाहीस तर. एवढी रक्कम अडकते म्हटल्यावर घेणारेही मागे हटतात.

आता जे कोणी सांगत नाही ते. कॅनडा असं धरतं की तुझी जवळपास सगळी मालमत्ता तू रेसिडेंट झालास त्या दिवशी बाजारभावाने विकत घेतलीस. म्हणजे दहा लाखांचे फंड त्या दिवशी पंचवीस लाखांचे असतील तर मधल्या पंधरा लाखांवर कॅनडात टॅक्स नाही, नंतर जो फायदा होईल त्यावरच. पण हे सिद्ध करायला त्या तारखेचा कागद हवा. म्युच्युअल फंडाचं त्या दिवशीचं स्टेटमेंट, डीमॅटचं होल्डिंग, फ्लॅट ठेवलास तर सरकारमान्य व्हॅल्युअरचा रिपोर्ट आणि त्या दिवसाचा डॉलरचा भाव, सगळं एका फाइलीत. पंधरा वर्षांनी हे शोधत बसणं म्हणजे फार त्रास. हीच किंमत टी-११३५ फॉर्मलाही लागते, परदेशातली मालमत्ता एक लाख डॉलरच्या, म्हणजे साठेक लाख रुपयांच्या, वर गेली की दरवर्षी भरायचा, पहिल्या वर्षी सूट असते, आणि भाड्याने दिलेला फ्लॅट त्यात धरतात.

पीएफमधला पेन्शनचा भाग, ईपीएस, दहा वर्षांच्या आत नोकरी सोडली म्हणून लगेच काढू नको, स्कीम सर्टिफिकेट (नोकरीची वर्षं जमेला ठेवणारा कागद) घे. भारत-कॅनडा सामाजिक सुरक्षा करार ऑगस्ट २०१५ पासून लागू आहे, दोन्हीकडची वर्षं किमान अट पुरी करायला एकत्र धरता येतात. म्हातारपणी बडोद्याला परतायचं मनात असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण ओएएस कॅनडाबाहेर कायमचं मिळायला २० वर्षं तिथे राहिलेलं असावं लागतं.

तिकडे गेल्यावर पहिलं वर्षभराच्या खर्चाचे पैसे बाजूला, मग टीएफएसए, म्हणजे वाढीवर टॅक्स न लागणारं बचत खातं. त्याची मर्यादा वर्षावर असते, २०२५ ला ७,००० होती, डिसेंबरात रेसिडेंट झालास तरी पूर्ण वर्षाची मिळते, जमलं तर जानेवारीपर्यंत थांबू नको. आरआरएसपीची, म्हणजे निवृत्तीसाठीच्या टॅक्स-सवलतीच्या खात्याची, जागा (भरायची मर्यादा) मागच्या वर्षीच्या कमाईच्या १८ टक्के, म्हणून पहिल्या वर्षी नसतेच, पण कंपनी मॅचिंग देत असेल तर जागा तयार झाल्या झाल्या सुरू कर. मुलीच्या शिक्षणासाठी आरईएसपी खातं काढ, वर्षाला २,५०० टाकलेस की सरकार ५०० घालतं. आणि पहिल्या महिन्यातच कोणीतरी आपलाच माणूस चहाला बोलावून होल लाइफ पॉलिसी (आयुष्यभराचा विमा) दाखवेल, चहा पी, सही करू नको. टर्म इन्शुरन्स आणि कमी खर्चाचा ईटीएफ फंड पुरे आहे.

आईबाबांसाठी पैसा रुपयातच बडोद्यात ठेव. औषधपाण्याचा खर्च रुपयात आहे, त्यासाठी डॉलर बदलत बसायचं कशाला. एफडीवर त्यांचं नाव, नॉमिनेशन आणि एक नीट पॉवर ऑफ अटर्नी, हे तिकीट काढायच्या आधी.

बायकोचं काही लिहिलं नाहीस. ओएएस राहण्यावर असल्यामुळे तिला नोकरी नसली तरी स्वतःच्या नावाने मिळेल, पण सीपीपी मिळणार नाही जर तिने तिकडे कमावलं नाही तर, आणि तिचा भारतातला पीएफ असेल तर त्याचाही विचार करायला हवा. तिची नोकरी किती वर्षांची आहे ते कळव, मग दोघांचा मिळून आकडा काढता येईल.