शाबासकी सरांची, कान तुझा

तुझं पत्र वाचलं आणि सोबतचं रेकॉर्डिंगही तीनदा ऐकलं. "काका, सर मला खोटं तर सांगत नाहीत ना?" एवढाच तुझा प्रश्न. सर म्हणाले, मस्त चाललंय, पुढच्या आठवड्यात सोलो सुरू करू. घरी येऊन तू फोनवर स्वतःला ऐकलंस आणि गिटार कपाटामागे उभी करून ठेवलीस. आता तुला कडक शिक्षक हवा आहे.

सर खोटं बोललेले नाहीत. चार महिन्यांच्या शिक्षणात तू ए मधला बारा बारचा, म्हणजे बारा मापांचा, ब्लूज न थांबता शेवटापर्यंत नेलास, डी सेव्हन कॉर्डवर वेळेत पोचलीस, आणि चुकलीस तरी हात थांबला नाही. हे त्यांनी पाहिलं. तू जे ऐकलंस तेही खरंच आहे. दहाव्या बारात लय पळते, शफल, म्हणजे ब्लूजचा लांब-आखूड झोका, मध्येच सपाट होतो आणि सातव्या फ्रेटवरचा (मानेवरच्या सातव्या खणातला) बेंड, म्हणजे तार ढकलून चढवलेला स्वर, उतरलेला राहतो. दोन्ही गोष्टी एकाच रेकॉर्डिंगमध्ये आहेत. एक सांगणं सरांचं काम, दुसरी ऐकणं तुझं काम. तू दोन्ही कामं सरांच्या गळ्यात घातलीस आणि आता त्यांच्यावर रुसलीस.

शाबासकी सरांची, कान तुझा. या पत्रात हेच वाक्य पुन्हा पुन्हा येईल, कंटाळू नकोस.

तिशीनंतर शिकणाऱ्याची अडचण लहान मुलापेक्षा वेगळी असते. तुझा कान वीस वर्षं चांगलं संगीत ऐकत आला आहे आणि बोटं चार महिन्यांची आहेत. लहान मुलाला आपलं वाजवणं वाईट आहे हे कळतच नाही, म्हणून ते मजेत वाजवत बसतं. तुला कळतं, म्हणून खांदा वर चढतो आणि अंगठा गिटारच्या मानेत रुततो. बोटं गरजेच्या दुप्पट जोराने दाबतात, आणि जास्त दाबलेली तार चढी बोलते. भीतीने आवळलेला हात आणखी बेसूर होतो. या हाताला सैल करणारा माणूस लागतो, तो तुला मिळाला आहे. मी स्वतः स्तुतीला हात आखडता घेणारा शिक्षक. त्यातून कोण घडलं आणि कोण गिटार ठेवून निघून गेलं, याचा हिशेब मांडला तर तुझ्या सरांचंच पारडं जड होईल. मला हे उशिरा कळलं.

मात्र शिस्तीबद्दल मी मागे हटणार नाही. ती बाहेरून आणायची नाही, एवढंच.

आता दहाव्या बारकडे ये. ए सेव्हनचे चार बार, डी सेव्हनचे दोन, पुन्हा ए सेव्हनचे दोन, मग ई सेव्हन एक, डी सेव्हन एक, ए सेव्हन एक आणि शेवटी परत फिरवणारा ई सेव्हन एक. प्रत्येक बार चार मात्रांचा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन. पहिल्या आठ बारांत कॉर्ड बदलायला किमान दोन बार मिळतात. नवव्यापासून दर बारला बदल येतो. डावा हात घाबरतो, आधीच निघतो, आणि उजवा त्याच्यामागे धावतो. तिथे चौथ्या मात्रेचा शेवट गिळला जातो. तू दर आवर्तनात तिथेच पळतेस, एकदाही सातव्या बारात नाही. म्हणजे तुझी लय कच्ची नाही, चार बार कच्चे आहेत. ते चारच काढून घे. नऊ ते बारा, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला साठवर, गोल गोल, पाच मिनिटं. शेवटच्या झटक्याला डावा हात सुटला आणि मोकळी तार वाजली तरी चालेल, चांगले चांगले वादकही तसं करतात. उजवा हात लवकर निघाला तर मात्र चालणार नाही.

शफलसाठी तोंडाने "तकिट" म्हण. प्रत्येक मात्रेत एक तकिट. त्यातला "कि" मनात गीळ, "त" आणि "ट" वाजव. त–ट, त–ट. पहिला लांब, दुसरा आखूड आणि पुढच्या "त" ला चिकटलेला. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये वेग वाढला की दोन्ही सारखे होतात, आणि ब्लूजच्या जागी कवायत ऐकू येते. पाचवी तार मोकळी, चौथीवर दुसरा फ्रेट तर्जनीने, मग अनामिकेने चौथा, हे तुला येतं. डी ला तेच एक तार खाली, ई ला तेच एक तार वर. यात नवं शिकण्यासारखं काही नाही, फक्त झोका सांभाळायचा. तळहाताची करंगळीकडची कड ब्रिजला, म्हणजे गिटारच्या पोटावर तारा टेकतात त्या पट्टीला, अगदी लागून तारांवर टेकव. पुढे सरकली तर स्वर मरतो आणि ठक् असा आवाज उरतो. मागे ब्रिजवरच बसली तर तारा मोकाट झणझणतात. दोन मिलिमीटरचा खेळ आहे. तो सर हात धरून दाखवतील, पण बरोबर जागा कुठली हे ऐकूनच ठरतं. पुन्हा तेच, कान तुझा.

साठवर नीट बसलं की ऐंशीच्या लयीसाठी मेट्रोनोम चाळीसवर ठेव आणि त्याचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मान. पहिले दोन दिवस ठोका सारखा पहिल्या मात्रेवर घसरेल. घसरू दे. तिसऱ्या दिवशी ड्रमच्या जागी तो ठोका ऐकू यायला लागेल आणि तू स्वतः लय धरशील. यंत्राच्या मागे फरफटत जाणं संपेल.

ब्लूजवादक जॉन ली हूकरच्या रेकॉर्ड ऐकून तू म्हणशील, यांचे बार कुठे मोजलेले असतात? खरं आहे, एकटा वाजवणारा माणूस हवं तेव्हा कॉर्ड बदलू शकतो. पण त्याच्या पायाचा ठेका ऐक. बार लांबतो, ठेका हलत नाही. त्याच्या नावावर आपली पळापळ खपवू नकोस.

बेंडबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण इथे तू स्वतःला फसवते आहेस. तिसऱ्या तारेचा सातवा फ्रेट म्हणजे डी. तो पूर्ण एक टोन वर ढकलून ई करायचा. तोच ई दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर तयार मिळतो. आधी तो वाजव. मग गुणगुण. मग सातव्या फ्रेटवर ये आणि तार तुझ्या गळ्यातल्या स्वरापर्यंत ने. लगेच पुन्हा दुसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट वाजवून ताडून पाहा. दहापैकी किती लागले ते वहीत लिही. तू सध्या तार ढकलतेस आणि ती जिथे थांबते त्याला स्वर म्हणतेस. तुझ्यासारख्या, शाळेत असताना प्रवेशिकेपर्यंत गाणं शिकलेल्या मुलीने हे करावं याचा मला राग येतो. तानपुऱ्यावर पंचम उतरलेला लागला तर तू लगेच कान टवकारशील. मग गिटारवर का सोडून देतेस?

कारण हातातही आहे. तू एकट्या अनामिकेने ढकलतेस. अनामिका सातव्यावर, मधलं बोट सहाव्यावर, तर्जनी पाचव्यावर, तिन्ही त्याच तारेवर आणि तिन्ही मिळून छताच्या दिशेने. अंगठा मानेच्या वरून बाहेर आलेला. बोटं वाकवायची नाहीत. कुलपात किल्ली फिरवावी तसं मनगट फिरतं आणि बोटं त्याच्यासोबत जातात. चौथी तार बोटांच्या टोकांना अडून गप्प राहते, त्यावरच्या जाड तारा उजव्या तळहाताने दाबून ठेव, नाहीतर बेंड सोडताना त्या गुरगुरतात. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये जो घोगरा आवाज येतो तो अँप्लिफायरचा नाही, हा आहे.

तारांची जाडी विचारली होतीस. दहा-सेहेचाळीसचा संच लावला असशील तर त्याहून पातळ नऊ-बेचाळीस लाव, त्यात कमीपणा काही नाही. नव्या तारा लावल्यावर प्रत्येक तार बाराव्या फ्रेटपाशी हलकेच ओढून पुन्हा सूर लाव, असं तीन-चारदा. तरीही बेंडनंतर तार उतरत असेल तर नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाच्या पट्टीच्या, खाचेत अडकते आहे. खाचेत पेन्सिलीचं शिसं घास. आणि अकूस्टिकवर हा पूर्ण टोनचा बेंड करत बसू नकोस. तिथे तिसऱ्या तारेला सहसा वेटोळं असतं, ती एवढी वाकत नाही आणि मनगट दुखावतं.

पाचव्या फ्रेटवरची पेंटाटॉनिक, म्हणजे पाच स्वरांची सरगम, तुला कोड्यासारखी वाटते असं लिहिलंस. जाड तारेवर पाच-आठ, मधल्या तिन्हींवर पाच-सात, पातळ दोन्हींवर पाच-आठ. आकडे विसर. ए ला सा धर आणि म्हणून पाहा: सा, कोमल ग, म, प, कोमल नि. धानी रागाचे स्वर आहेत हे. राग म्हणून धानी वेगळी, तिची चाल वेगळी, पण स्वर तुझ्या ओळखीचे आहेत. त्यात म आणि प यांच्या मध्ये तीव्र मध्यम जाता-येता लागतो, पाचव्या तारेचा सहावा फ्रेट किंवा तिसऱ्या तारेचा आठवा. त्यावर मुक्काम करायचा नाही.

खरी गंमत गंधारात आहे. खाली ए सेव्हन वाजतो तेव्हा त्यात शुद्ध गंधार असतो आणि वर तू कोमल वाजवतेस. ब्लूजचा गंधार या दोघांच्या मध्ये राहतो. तिसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट तर्जनीने वाजव आणि तार जमिनीच्या दिशेने किंचित ओढ, शुद्धपर्यंत पोचू न देता. किती? त्याचं माप लिहिता येत नाही. डी सेव्हन आला की तोच स्वर न ओढता सरळ वाजव, कारण तिथे तो त्या कॉर्डचा कोमल निषाद असतो, ओढलास तर खटकेल. एकच फ्रेट, एकच बोट, आणि खालची कॉर्ड बदलली की वागणं बदलतं. हे कुठलाही तक्ता सांगणार नाही. मी तक्त्यांवर चिडतो ते याचसाठी, जुन्या वळणाचा म्हणून नाही. तक्ता बोट कुठे ठेवायचं ते सांगतो, आणि तेवढ्यावर समाधान मानायची सवय लावतो.

सोलोची घाई नको. दोन बार वाजव, दोन बार गप्प बस. ब्लूजच्या गाण्यात ओळ साधारण दोन बारांत संपते आणि उरलेल्या दोन बारांत वाद्य उत्तर देतं. ब्लूजचा गायक-गिटारवादक बी. बी. किंग गाताना वाजवत नसे आणि वाजवताना गात नसे, त्याची गिटार गळ्याला उत्तर द्यायची. म्हणून जे गाऊन दाखवता येत नाही ते वाजवू नकोस. त्याचा व्हायब्रेटोही ऐक. तो थरथर नसून मोजलेला हेलकावा आहे, स्वर वर जातो आणि बरोबर मूळ जागी परततो. तू साठच्या ठोक्यावर एका मात्रेत दोन हेलकावे घे, मग तीन. परतताना स्वर जागेवर आला की नाही, हे कोण सांगणार? तूच.

ब्लूजवादक रॉबर्ट जॉन्सनची ती चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकल्याची गोष्ट तुझ्या पत्रातही आली आहे. ती सोडून दे. त्याच्याहून वडील वादक सन हाऊस याच्या आठवणीत हा मुलगा आधी इतकं वाईट वाजवायचा की लोक वैतागायचे. नंतर तो मिसिसिपीतल्या हेझलहर्स्टच्या बाजूला गेला आणि तिथे आईक झिमरमन नावाच्या माणसाकडे शिकला. रात्री कुणाचा त्रास नको म्हणून ते दोघं स्मशानात बसून सराव करत, असं झिमरमनच्या घरच्यांनी पुढे सांगितलं. १९३६ साली सॅन अँटोनिओत आणि १९३७ साली डॅलसमध्ये जॉन्सनने जी २९ गाणी रेकॉर्ड केली, त्यांच्यामागे एक शिक्षक आहे आणि शांत जागी स्वतःला ऐकणं आहे. वयाचं म्हणशील तर अमेरिकन गिटारवादक एलिझाबेथ कॉटन यांनी ऐन तारुण्यात गिटार बाजूला ठेवली, घरकामाची नोकरी करत साठीच्या सुमाराला पुन्हा हातात घेतली. पहिली रेकॉर्ड १९५८ सालची. तुला तिशीची काळजी!

रेकॉर्डिंग बंद करू नकोस, पद्धत बदल. फोन हातभर लांब टेबलावर. दोनच आवर्तनं. ऐंशीच्या लयीत ती बहात्तर सेकंदांची होतात, तेवढी पुरे. त्याच दिवशी ऐकायचं नाही, कारण तेव्हा हाताची मेहनत आठवत असते आणि कान न्यायाला बसत नाही. दुसऱ्या दिवशी दोनदा ऐक, एकदा फक्त पायाने ठेका धरून, एकदा फक्त सुरासाठी. वहीत एकच दोष लिही. दहा लिहिलेस तर पुन्हा गिटार कपाटामागे जाईल. त्या एका दोषावर त्या दिवशीची पहिली दहा मिनिटं, मग दहा मिनिटं आवडेल ते.

आणि सरांना "कसं झालं?" असं विचारणं थांबव. या प्रश्नाला भला माणूस "छान" असंच म्हणणार. "दहाव्या बारात चौथी मात्रा आखूड पडते का?" असं विचार. "हा बेंड उतरलेला आहे, मनगट बघता का?" असं विचार. चांगला शिक्षक अशा प्रश्नाची वाट पाहत असतो. नेमकं विचारलंस तर तो नेमकं सांगेल, आणि वर हसून शाबासकीही देईल. ती नाकारू नकोस, घे.

गिटार आधी कपाटामागून काढ, भिंतीच्या ओलीने मान वाकते. गुरुवारच्या क्लासला जाशील तेव्हा हेच रेकॉर्डिंग ने. दहाव्या बारापाशी थांबव, आणि सर काही बोलायच्या आत काय चुकलं ते तू सांग.