त्या राष्ट्रपती झाल्या, आणि मला धड स्वयंपाक पण होत नाही

"मॅडम, बाकीच्या बायका सावरतात, मग मलाच का जमत नाही?" हा प्रश्न समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या दर चार-पाच जणींपैकी एक तरी विचारतेच. कुणाचा नवरा गेलेला असतो, कुणाचं मूल, आणि वर्ष उलटलं की घरच्यांचा धीर संपायला लागतो. त्यावर नुसतं उत्तर देण्याऐवजी एका काकूंची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

काकू पन्नाशीच्या, तालुक्याच्या गावातल्या. चोवीस वर्षांचा मुलगा बाइक ॲक्सिडेंटमधे गेला त्याला चौदा महिने झाले होते. जावेनं आणलं होतं त्यांना, म्हणजे जवळजवळ ओढूनच. पहिली वीस मिनिटं जाऊबाईच बोलत होत्या, काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेल्या. मग मी जाऊबाईंना बाहेर थांबायला सांगितलं आणि काकूंना विचारलं की तुम्हाला स्वतःला काय वाटतं, तर त्यांनी पर्समधून मोबाईल काढून फॅमिली ग्रुपवरचा एक मेसेज दाखवला. द्रौपदी मुर्मूंचा फोटो, खाली दोन मुलं गेली, नवरा गेला, तरी देशाच्या राष्ट्रपती झाल्या वगैरे, आणि त्याच्या खाली दिरांनी लिहिलेलं, "वहिनी, यांच्याकडे बघा आणि उठा आता."

त्यात भर म्हणजे गावातल्या महिला मंडळानं 8 मार्चच्या कार्यक्रमात याच विषयावर बोलायला काकूंचंच नाव घातलेलं. काकू पूर्वी बचत गटाच्या मीटिंगमधे छान बोलायच्या. मंडळातल्या बायकांना वाटलं यानिमित्तानं त्या घराबाहेर पडतील. हेतू चांगलाच होता त्यांचा. पण काकू मला म्हणाल्या, "त्या राष्ट्रपती झाल्या, आणि मला साधा स्वयंपाक पण होत नाही मॅडम. पोळी करपते आणि मी बघत उभी असते. मी काय तोंडानं बोलू त्यांच्याबद्दल?"

खरं सांगते, मला राग आला होता. काकूंचा नाही, त्या मेसेजचा. ज्या बाईंबद्दल मनात एवढा आदर आहे त्यांच्या आयुष्याची छडी करून एका आईच्या पाठीत मारायची, हे मला अजिबात पटत नाही.

आधी माझं नेहमीचं काम केलं. झोप किती लागते, जेवण जातं का, मरून जावं असं मनात येतं का, हे मी सरळ विचारते. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे, उलट बोलायला वाट मिळते. काकूंना जगण्याचा कंटाळा यायचा पण स्वतःला काही करून घ्यायचा विचार नव्हता. झोप मात्र तीन तासांवर आलेली, वजन उतरलेलं. प्रौढांच्या बाबतीत वर्ष उलटल्यावरही जवळजवळ रोजच दुःखाची तीव्रता तशीच असेल आणि रोजचं जगणं अडत असेल तर त्याला लांबलेला शोक म्हणतात आणि त्यावर उपचार असतात, म्हणून मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. झोपेसाठी काही महिने गोळ्या लागल्या. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

आणि मग दुसऱ्या सेशनला मी म्हटलं, काकू, भाषणाचं हो-नाही नंतर ठरवू, आधी आपण दोघी मिळून मुर्मूबाईंची गोष्ट नीट वाचूया, त्या मेसेजमधे दोन ओळीत उरकलीय तशी नाही.

ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यातलं उपरबेडा गाव, संथाल आदिवासी घर, जन्म 20 जून 1958 चा. गावातून कॉलेजपर्यंत पोचलेली ही पहिली मुलगी, भुवनेश्वरला रमादेवी महिला कॉलेजात शिकली. मग राज्य सरकारच्या पाटबंधारे आणि वीज खात्यात कनिष्ठ सहाय्यकाची नोकरी, पुढे रायरंगपूरला शाळेत शिकवलं, 1997 ला तिथल्याच नगरपंचायतीत नगरसेविका. 2000 साली आमदार आणि मंत्री, 2004 ला पुन्हा आमदार. इथपर्यंत काकू ऐकत होत्या पण चेहरा तसाच. त्यांना वाटत होतं, बघा म्हणजे मुळातच त्या वेगळ्या, आपण कुठे.

2009 नंतरच्या काही वर्षांतलं सांगायला लागले तेव्हा त्या पुढे सरकून बसल्या. थोरला मुलगा अचानक गेला. त्यानंतर मुर्मूबाई पार कोसळल्या होत्या. डिप्रेशनमधे गेल्या होत्या, लोकांना भेटणं बंद केलं होतं, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. मग रायरंगपूरच्या ब्रह्माकुमारी केंद्रात जायला लागल्या, ध्यान शिकल्या. म्हणजे मदत घेतली. मग धाकटा मुलगाही अपघातात गेला, 2014 ला नवरा गेला, आई आणि भाऊ पण याच काळात. 2014 ला विधानसभेची निवडणूक लढवली, ती हरल्या. 2015 ला झारखंडच्या राज्यपाल झाल्या आणि 25 जुलै 2022 ला राष्ट्रपतीपदाची शपथ घेतली, आपल्या प्रतिभाताई पाटलांनंतरच्या दुसऱ्या महिला राष्ट्रपती आणि पहिल्या आदिवासी.

मी कागदावर एक आडवी रेघ मारून ही सगळी सालं लिहिली आणि काकूंना विचारलं, थोरला मुलगा गेल्यावर चौदा महिन्यांनी त्या कुठे होत्या असं वाटतं? काकू बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "घरातच असतील. माझ्यासारख्या."

आम्हाला कुणालाच माहीत नाही की त्या महिन्यात त्या नेमक्या काय करत होत्या, आणि ते मी काकूंना बोललेही. पण त्या मधल्या काळाचा कुणी फोटो काढून ग्रुपवर टाकत नाही, टाकतात तो शपथविधीचा.

त्या दिवशी मी त्यांना आणखी एक समजावलं, शोक म्हणजे जिना चढल्यासारखा एकेक पायरी वर जात नाही, तो झोक्यासारखा असतो. एकदा दुःखाकडे, एकदा रोजच्या कामाकडे, परत दुःखाकडे. दोन्हीकडे जाणं गरजेचं असतं, फक्त रडत राहणं पण अडकणं आणि फक्त कामात बुडून घेणं पण अडकणंच. काकूंचा झोका एकाच बाजूला थांबला होता म्हणून आम्ही अगदी छोटी कामं ठरवली. सकाळी दारातली तुळस आणि मोगरा यांना पाणी, आणि संध्याकाळी अर्धा तास मुलाचा फोटो समोर ठेवून पाहिजे तेवढं रडायचं, कुणी अडवायचं नाही. हे दुसरं काम ऐकून जाऊबाई घाबरल्याच. पण घरात झालं होतं असं की काकूंना त्रास नको म्हणून सगळ्यांनी त्याचं नावच घेणं सोडलं होतं, फोटो कपाटात गेला होता, काका तर त्याच्याबद्दल चौदा महिन्यांत एक शब्द बोलले नव्हते. काकूंना वाटायचं की यांना काहीच वाटत नाही, आणि काका रोज रात्री गोठ्यात जाऊन बसायचे.

नावाचा विषय निघाला तेव्हाच मी त्यांना पहाडपूरच्या शाळेबद्दल सांगितलं. मुर्मूबाईंनी सासरचं घर आणि जमीन मुलांच्या निवासी शाळेसाठी दिली, शाळेचं नाव एसएलएस. एस म्हणजे श्याम, नवरा. एल म्हणजे लक्ष्मण आणि शेवटचा एस म्हणजे शिपुन, दोन मुलं. तिघांचे पुतळे तिथे आहेत. म्हणजे रोज शाळेचं नाव घेताना त्या तिघांचं नाव घेतलं जातं. काकू हे ऐकून खूप रडल्या, माझ्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच आवाज करून रडल्या. मग म्हणाल्या, "त्यांनी नाव झाकलं नाही. आमच्यात झाकलं."

भाषण करायचं की नाही हे मी शेवटपर्यंत त्यांच्यावरच सोडलं होतं. मंडळाच्या ताईंनाही फोन करून सांगितलं की ऐनवेळी नको म्हणाल्या तर आग्रह करू नका, दुसरी कुणीतरी तयार ठेवा. त्यांनी लगेच ऐकलं.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर कृपा करून तुलना करू नका. मोठ्या माणसाची गोष्ट जरूर सांगा, पण तिच्या कोसळण्यासकट सांगा, आणि सांगून झाल्यावर शेजारी बसा. झोप-जेवण महिनोन्महिने बिघडलेलं असेल, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येत असेल तर वाट बघू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

8 मार्चला काकू बोलल्या. चार-पाच मिनिटंच, जाऊबाईंनी रेकॉर्ड करून पाठवलं मला. उपरबेड्यापासून सुरुवात केली, नगरसेविकेपर्यंत आल्या, मग थोरल्या मुलापाशी अडकल्या. पूर्ण गप्प. कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं तर पुढच्या रांगेतल्या एका आजीनं हातानं थांबवलं. मग काकू म्हणाल्या की या बाईंना मी नमस्कार करते कारण त्या पडल्या होत्या हे त्यांनी लपवलं नाही, आणि मग माईकवर स्वतःच्या मुलाचं नाव घेतलं, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

काका मागे खांबाला टेकून उभे होते म्हणे. त्या रात्री जेवताना काकूंनी शेवग्याच्या शेंगांची आमटी केली होती, मीठ जरा जास्त झालेलं. काकांनी एक घास खाल्ला आणि ताटाकडे बघतच म्हणाले, "त्याला फार आवडायची."