तडीपार: पोलीस ठाण्यात अडकलेला नदीकाठचा शब्द

प्रश्न आला आहे तो असा: "बातम्यांत कधी 'तडीपार' वाचतो, कधी 'हद्दपार'. दोन्ही एकच का? आणि यातली 'तडी' म्हणजे नक्की काय?"

पहिल्या भागाचं उत्तर झटक्यात देऊन टाकतो. पोलिसांची कारवाई म्हणून दोन्ही एकच: माणसाला ठरावीक मुदतीसाठी शहराबाहेर किंवा जिल्ह्याबाहेर काढणं. सरकारी कागदावर हद्दपार, लोकांच्या तोंडी तडीपार. परदेशी माणसाला देशाबाहेर घालवलं तर मात्र हद्दपारच म्हणायचं, तिथे तडीपार शोभत नाही. का शोभत नाही ते पुढे येईलच.

त्याआधी माझी एक जुनी ठसठस. परवा चहाच्या टपरीवर एक गृहस्थ छातीठोकपणे सांगत होते, "मारामारी करून पोरगं तडीपार झालं, पोलीस शोधतायत." अहो, ते फरार झालं! फरार माणूस आपल्या पायांनी होतो, तडीपार त्याला दुसऱ्यानं करावं लागतं. पोलिसांना ज्याचा पत्ताच नाही त्याला ते आदेश बजावणार कुठे? दुसरं, "कोर्टानं तडीपारीची शिक्षा ठोठावली." यात कोर्टही चूक आणि शिक्षाही चूक. पूर्वीचा मुंबई पोलीस कायदा, 1951, म्हणजे आताचा महाराष्ट्र पोलीस कायदा, याच्या कलम 55 ते 57 खाली हा आदेश निघतो. शहरात तो पोलीस उपायुक्त काढतात, तालुक्याच्या गावी प्रांताधिकारी. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं, अपील राज्य सरकारकडे. कलम 56 ची मेख तर अशी, की त्या इसमाच्या भीतीनं साक्षीदार उघडपणे पुढे यायला तयार नाहीत, असं त्या अधिकाऱ्याचं मत व्हावं लागतं. म्हणजे गुन्हा शाबीत झाला म्हणून नव्हे, पुढचा घडू नये म्हणून माणूस बाहेर. त्याचमुळे जालन्याच्या एका प्रकरणातला आदेश रद्द करताना सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये बजावलं, की हा उपाय असाधारण आहे, ऊठसूट वापरायचा नाही. 'तडीपार' वाचलं की 'सजा भोगलेला' असं समजणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

असो. आता तडी.

संस्कृतातला 'ट' दोन स्वरांमध्ये सापडला की प्राकृतात त्याचा 'ड' होतो. वटाचा वड झाला, घोटकाचा घोडा, कपाटाचं कवाड. तसंच तटाचं तड. तड म्हणजे काठ, किनारा. आजही आपण काम 'तडीस नेतो', म्हणजे होडी काठाला लावावी तसं शेवटाला नेतो. लहानपणी औदुंबरला कृष्णा ओलांडताना नावाडी शेवटचं वल्हं मारून म्हणायचा, "लागली तडीला, उतरा." पोरं टुणकन उड्या टाकत, आजी मात्र लुगडं सावरत एक पाय नावेत नि एक चिखलात. माझ्या मनात 'तडी' म्हणजे तो निसरडा चिखल. पोलीस त्यात फार उशिरा आले.

आणि 'पार'? खरी गंमत इथे आहे. पार म्हणजे 'पलीकडे' एवढंच आपण धरून चालतो, पण संस्कृतात पार हे नाम आहे: पैलतीर. अलीकडचा काठ तो अवार. दोन्ही मिळून पारावार. 'आनंदाला पारावार उरला नाही' म्हणजे त्या आनंदाला ना ऐलतीर ना पैलतीर! विद्येचा पैल काठ गाठला तो पारंगत. ज्याला काठच नाही ते अपार. तेव्हा घरफोडीत पारंगत असलेला इसम तडीपार होतो, तेव्हा बिचारा दोन्ही अर्थांनी पैलतीरी पोचलेला असतो. वारकऱ्याला पैलतीर म्हणजे मोक्ष, याला पैलतीर म्हणजे लगतच्या जिल्ह्यात भाड्याची खोली.

याच तटावर उभा राहिला तो तटस्थ. वाहत्या पाण्यात न उतरता काठावरून बघणारा. म्हणजे तडीपार आणि तटस्थ हे चुलत भाऊ: एक काठावर उभा, दुसरा काठापलीकडे हाकललेला. तडजोडही मी याच घरातली मानतो, दोन तडी जोडणं ती तडजोड. आमचे एक व्यासंगी मित्र यावर डोळे वटारतात. त्यांच्या मते ही तड म्हणजे तडा, भेग. भेग सांधली की तडजोड. मी त्यांना विचारलं, मडक्याला गेलेला तडा तुम्ही कधी जोडलेला पाहिलाय? गप्प बसले. पटलं असेल असं नाही, पण गप्प बसले. हेच मित्र तडीपार हा हिंदीतून आला म्हणतात! हिंदीवाल्यांनी तो मुंबईतून उचलला. ज्या भाषेत 'तडीस नेणे' नाही, तिच्यात तडीपार जन्मेल कसा?

हाकलायला नदीच का? माझा आपला तर्क सांगतो. जुनी गावं नदीकाठी, आणि नदी म्हणजे गावाची आयती शीव. पावसाळ्यात नावेवाचून परत येणं नाही, आणि नावाडी ओळखीचा. पहारा फुकटात! मुंबईला तर हा शब्द चपखल बसतो: तिथे पलीकडे जायचं म्हणजे बहुधा खाडी ओलांडायची. देशाच्या सरहद्दीला असा काठ असतोच असं नाही, म्हणून परदेशी माणसाला 'तडीपार' म्हणताना जीभ अडखळते.

हद्द अरबीतून आली, आणि तिकडे तिचा शिक्षेशी फार जुना संबंध आहे. 'हद'चं अनेकवचन 'हुदूद', म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रानं नेमून दिलेल्या शिक्षा. अरबी हद्दीला संस्कृत पार जोडून आपण हद्दपार केला, आणि कोणाची तक्रार नाही. मित्राला सांगितलं, बघा, ही खरी तडजोड. ते अजून बोलत नाहीत.