खालची पापणी ओढली गेली, आता दुरुस्ती कधी?

डोळ्यांखालच्या पिशव्या काढून तीन महिने झाले, पापणी खाली ओढलेली दिसते, डोळा कोरडा पडतो, लगेच दुसरं ऑपरेशन करावं का, असा तुमचा प्रश्न आहे. सहसा नाही. आतला व्रण मऊ व्हायला साधारण सहा महिने लागतात. कच्च्या व्रणावर पुन्हा सुरी चालवली तर तो आणखी आकसू शकतो. तोवर दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम, आणि डॉक्टरांनी दाखवला असेल तसाच मसाज.

पण झोपेत डोळा उघडा राहत असेल, दुखत असेल किंवा धूसर दिसत असेल तर थांबू नका. बुबुळावर जखम होऊ शकते, तेव्हा त्याच दिवशी तपासून घ्या.

दुरुस्ती कशी करायची हे कारणावर ठरतं. पापणी सैल असेल तर बाहेरच्या कोपऱ्यात ताणून बसवतात. कातडीच जास्त कापली गेली असेल तर वरच्या पापणीची किंवा कानामागची कातडी लावावी लागते. आतून व्रणाने ओढली असेल तर तोंडातल्या टाळूच्या अस्तराचा तुकडाही आधाराला घालतात. ब्युटी क्लिनिकच्या भानगडीत आता पडू नका. ऑक्युलोप्लास्टी, म्हणजे पापण्यांची आणि डोळ्याभोवतीची प्लास्टिक सर्जरी, करणारा नेत्रतज्ज्ञच गाठा. पहिल्या ऑपरेशनचे कागद आणि आधीचे फोटो सोबत न्या.