पैदाशीचा नर निवडताना कमी चरबीची मर्यादा

हिंगण्याजवळच्या आपल्या शेडमध्ये लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीच्या डुकरांच्या माद्या आहेत आणि लवकर वाढणारी, कमी चरबीची पिले मिळावीत म्हणून कोणता नर आणावा, असे आपण विचारले आहे. नर जरूर बदलावा. मात्र सर्वांत कमी चरबीचा म्हणून दाखवला जाणारा नर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाठीवरच्या चरबीची आनुवंशिकता, म्हणजे जनावरा-जनावरांतील फरकापैकी वंशामुळे आलेला वाटा, साधारण 40 ते 50 टक्के, वाढीच्या वेगाची 30 टक्क्यांच्या आसपास, तर एका वेतातील पिलांच्या संख्येची जेमतेम 10 टक्के असते. त्यामुळे चरबी आणि वाढ निवडीने लवकर बदलतात. समजा, सोबत वाढलेल्या नरांची सरासरी चरबी 20 मिलिमीटर आहे आणि आपण त्यांतला 16 मिलिमीटरचा निवडला. या 4 मिलिमीटरच्या फरकातील जवळपास निम्माच आनुवंशिक, आणि त्यातलाही निम्मा पिलांत उतरतो, म्हणजे साधारण 1 मिलिमीटर. एकाच शेडमध्ये, एकाच खाद्यावर वाढलेल्या नरांची तुलना असेल तरच हा हिशेब खरा. म्हणून विक्रेत्याकडे नोंदी मागाव्यात. चरबी शेवटच्या बरगडीपाशी, मध्यरेषेपासून सुमारे साडेसहा सेंटिमीटर बाजूला, अल्ट्रासाउंड यंत्राने मोजलेली असावी.

नुसते भरदार पुठ्ठे पाहून भुलू नये. पिएत्रेनसारख्या अतिमांसल जातींत हॅलोथेन जीनचा दोष बराच आढळत असे. ज्या जनावरात त्याच्या दोन्ही प्रती असतात, ते वाहतुकीच्या किंवा उन्हाच्या ताणाने अचानक दगावू शकते आणि त्याचे मांस फिकट, पाणी सुटणारे निघते. 1991 मध्ये हा बदल नेमका सापडल्यापासून तो डीएनए चाचणीने ओळखता येतो. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जात असताना ही चाचणी न झालेला मांसल नर मी घेणार नाही.

माद्यांचे गणित वेगळे आहे. फार कमी चरबीच्या मादीची भूकही बहुधा मंदावते, दूध पाजताना ती खंगते आणि पुन्हा माजावर यायला उशीर करते. म्हणून पैदाशीच्या माद्या यॉर्कशायरमधूनच, मजबूत पाय आणि निदान 12 ते 14 चालू सड पाहून ठेवाव्यात. विक्रीच्या पिलांसाठी ड्युरॉक जातीचा नर वापरावा आणि त्या संकरातील सर्व पिले विकावीत.

आपले खाद्य मुख्यतः हॉटेलच्या उरलेल्या अन्नाचे असेल, तर आधी तिकडे लक्ष द्यावे. भात-पोळीत लायसिन (मांस धरायला लागणारा प्रथिनांतला घटक) कमी असल्याने चांगल्या वंशाचे पिलूही मांसाऐवजी चरबीच धरते. ते अन्न नीट उकळून त्यात आपल्या विदर्भात सहज मिळणारी सोयापेंड मिसळावी, आणि मगच महागडा नर आणावा.